आवणीचं खाचर

बदलत्या हवामानात टिकेल अशा शेतीत पैसा कुठे आणि कसा घालावा, याचे आराखडे करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. ठाण्यातल्या ऑफिसात बसून मी तालुकेच्या तालुके सुधारते. आमची स्वतःची भातशेती मात्र मुरबाडच्या पुढे, आत्याच्या ताब्यात, पूर्वापार चालत आलेली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान!" डोंबिवलीचा माझा भाऊ चिडवायचा.

लागोपाठ दोन वर्षं ऐन आवणीत, म्हणजे भाताची रोपं लावायच्या वेळी, पाऊस दडी मारून बसला आणि रोपं जागच्या जागी जून झाली. तेव्हा मात्र मी कोपरीत माझ्या घरी सगळ्यांना बोलावलं. भाऊ आला, कळव्याहून चुलतबहीण आली, आणि आत्याला तर गाडी पाठवून आणलं. आपापल्या बचतीतून पैसे घालायला तिघंही तयार होतो. एक शेततळं, आणि बाकी सगळे गादीवाफे, म्हणजे मातीचे उंच पट्टे, असा माझा बेत. वाफ्यावर थेट बी टोकायचं, म्हणजे चिखलणी नको, आवणी नको, पाण्याची वाट बघणं नको. मी अशी काही रंगले होते की आमरसाची वाटी हातात तशीच राहिली.

आत्याने आपली वाटी संपवली, हात धुतले आणि म्हणाली, "सगलं बेस हाय. पन आवनीच नाय, तर तुम्ही येनार कशाला?"

खरंच होतं ते. दिवाळीत वेळ नसतो, जत्रेला रजा नसते, पण आवणीला आम्ही झाडून सगळे जातो. घरात नवा जावई आला की पहिल्या आवणीला त्याला चिखलात लोळवायचं, आणि चिखलाची पहिली ओंजळ आत्याने टाकायची, अशी आमच्याकडची रीत. मी पाणी धरलं होतं, मजुरी धरली होती, हे धरलं नव्हतं. त्या क्षणी मला आत्याविषयी इतकी माया दाटून आली की मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले.

"एवढंच ना?" भाऊ म्हणाला. "विहिरीजवळचं खाचर तुझं. तिथे आवणीच करायची."

आराखड्यात अशी तरतूद मी जन्मात केली नव्हती. केली.

मग ते वर्ष नुसतं धावपळीत गेलं. उन्हाळ्यात वाफे करायला गेलो, मग बी टोकायला, मग तण काढायला. विहिरीजवळच्या खाचरात चुलतबहिणीच्या नव्या जावयाला यथासांग लोळवलं. पठ्ठ्याने आत्यालाच हात धरून खाली ओढलं, आणि ती चिखलात बसून पोट धरधरून हसली. पुढे पाऊस पुन्हा दडला, पण शेततळ्याने तारलं. वाफ्यांवरचं भात ताठ उभं राहिलं.

कापणीच्या दिवशी बांधावर जेवताना आत्या त्या खाचराकडे एकटक बघत होती.

"म्होरल्या साली ह्यात पन वाफेच घाला," ती म्हणाली.

"अगं आत्या, आणि आवणी?"

"कशाला ती आता? वाफ्यांना येता, बी टोकाया येता, तन काढाया येता, कापनीला येता. भाकऱ्या थापून हात मोडले माझे!" आणि घास तोंडात घालता घालता तिने विचारलं, "भात झोडाया कोन कोन येताय?"