रोजची सुई

मावशी माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही, बघायची टाचांकडे. अमडापूरच्या आमच्या गल्लीत कुणी नवखा आला, की तिचा निकाल तयार, "याची कंबर डाव्या अंगानं धरली हाये." आणि ती धरलेलीच असायची! बाळंतिणी, तान्ही लेकरं, मुरगळलेले पाय, सगळ्या गावाचं अंग तिच्या हाताखालून गेलेलं. लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत. तिचं खरं नाव अर्ध्या गावाला सांगता आलं नसतं.

चोळताना ती फार बोलायची. "अंगाले हात लागला का मानूस खरं बोलते," हे तिचं ठरलेलं वाक्य. माझ्या बाळंतपणात पाठीवर तेल जिरवता जिरवता तिनं सासूबद्दल माझ्याकडून काय काय काढून घेतलं, देवालाच ठाऊक. पण गल्लीत एक शब्द फुटला नाही.

मग तिला छातीचा कॅन्सर झाला. नवरा कधीचाच गेलेला, एकुलती मुलगी मंगल नांदुऱ्याला दिलेली. मंगल किमोच्या दिवशी तिला शहरात न्यायची, आणून सोडायची आणि आपल्या पोरांसाठी परत पळायची. तिचं तरी काय चुकलं? हद्द केली ती गावानं. मावशीचे केस गेले आणि तिच्याकडे लेकरू घेऊन येणं बंद झालं. मी अंगणवाडीत काम करते, घसा फोडून सांगितलं की हा रोग असा लागत नाही. हो हो म्हणाल्या बाया, आणि आल्या नाहीत. मेल्यांना सांगून काय उपयोग!

तिसऱ्या किमोनंतर मावशीचा डावा पाय सुजला. दुसरी कुणी असती तर दवाखाना गाठला असता. ही पडली हाडाची चोळणारी! शिरेवर शीर चढली म्हणाली आणि कोमट तेल घेऊन तीन दिवस स्वतःच रगडत बसली. चौथ्या दिवशी पाय भोपळ्याएवढा झाला, तेव्हा मी मंगलला फोन केला. डॉक्टर चिडलेच. रक्ताची गुठळी होती. या आजारात अशा होतात, म्हणाले, आणि चोळताना सुटून फुप्फुसात गेली असती तर जीवच गेला असता.

मावशी परत आली ती हिरमुसून. "जनमभर लोकाईचे पाय चोळले, आन् आता माह्याच पायाले हात लावाची बंदी! काऊन वो माय असं?"

रक्त पातळ करायचं इंजेक्शन रोज पोटात घ्यायचं होतं. सासऱ्यांना इन्सुलिन टोचून माझा हात बसलेला, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सकाळी आठला मी जायचे, तर ही लुगडं सारून तयार, शेजारी माझ्यासाठी चहा झाकून ठेवलेला. पोट डागांनी काळंनिळं झालं होतं, पण कधी हूं का चूं केलं नाही. टोचायला अर्धं मिनिट पुरे. पण उठू देईल तर शपथ! "बस ना माय. सुई टोचली का पळाली, असं कुठं असते?" मग अर्धा तास तरी जायचा.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी सुईऐवजी गोळ्या दिल्या. मला कोण आनंद झाला! "सुटलीस मावशी," म्हटलं.

"हाव, सुटली," ती म्हणाली.

त्यानंतर आठ दिवस मी फिरकलेच नाही. अंगणवाडी, घर, सबबींना काय तोटा? पुढच्या तपासणीहून आल्यावर तिनंच निरोप धाडला. गोळ्या पोटात ठरत नाहीत, उलट्या होतात, सुई परत चालू झाली. मी कपाळाला हात लावला आणि पुन्हा आठला जायला लागले. पुढं पाच महिने गेले. मावशी गेली ती कॅन्सरनं, पायानं नाही.

तेरावं झाल्यावर मंगल औषधांचे कागद आवरत होती. मी म्हटलं, "गोळ्या सोसल्या असत्या तर बिचारीचं पोट तरी वाचलं असतं."

मंगलनं हातातले कागद खाली ठेवले. "ताई, गोळ्यांनी तिले काहीच होत नव्हतं. डॉक्टरले खोटं सांगितलं तिनं. मी मांगून विचारलं, तर म्हने, गोळी एकटीनंच गिळा लागते."

अगं मावशी, नुसती हाक मारली असतीस तर आले नसते का मी?

खरं सांगते, रोज नसते आले.