न पडणारी माणसं

"मॅडम, तुमी काय पाहाले आल्या तेच मले समजत नाही," वानखडे साहेब म्हणाले. "आमच्या इथं कोणी पडतच नाही."

वानखडे म्हणजे चिखलीजवळच्या एका वृद्धाश्रमाचे मॅनेजर. मी फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशननंतर, फ्रॅक्चरनंतर माणसाला पुन्हा उठतं-चालतं करणं हे माझं काम. आश्रमाच्या ट्रस्टला दर्जाचं सर्टिफिकेट हवं होतं. त्यासाठी टीम तपासणीला येणार होती. त्याआधी बाहेरच्या कुणाकडून 'फॉल सेफ्टी' बघून घ्यावी, असं ट्रस्टींनी ठरवलं. फॉल सेफ्टी म्हणजे म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून केलेली व्यवस्था.

व्यवस्था खरंच चांगली होती. बाथरूममध्ये खडबडीत फरशी. कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे. पायऱ्यांच्या जागी उतार. कॉरिडॉरच्या भिंतीला स्टीलचा कठडा. मी त्यावर हात ठेवला तर बोटांना प्लॅस्टिक लागलं. दुकानातून आला तेव्हाचं कव्हर अजून तसंच होतं.

सकाळची उन्हं चांगली वर आली होती. कॉरिडॉर रिकामा, अंगण रिकामं.

"मंडळी कुठे आहेत?"

"आराम करून राह्यले."

हॉलमध्ये सगळे खाटांवर होते. खाटांच्या बाजूच्या लोखंडी जाळ्या वर करून खटका लावलेला. ज्यांना हात धरून सहज बाथरूमपर्यंत नेता आलं असतं, त्यांनाही डायपर. का, तर माणसं बहुतेक वेळा बाथरूमच्या वाटेवरच पडतात. साहेबांनी वाटच बंद केली होती.

कोपऱ्यातल्या खाटेवर कौसल्याबाई होत्या. साखरखेर्ड्याच्या, शेतकरी घरातल्या. घरी पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड चांगलं जुळलं. मग मुलाने इथे आणलं. मी जाळी खाली केली, त्यांना कडेला बसवलं.

"आजी, हाताचा आधार न घेता उभ्या राहून दाखवा."

ही आमची साधी चाचणी. पायांत किती ताकद उरली आहे ते लगेच कळतं. त्यांनी दात-ओठ आवळून जोर लावला. जमलं नाही. पोटऱ्या पार सुकल्या होत्या.

"इथं आली तवा मी काठी घेऊन चालत आली होती वं, पोरी," त्या म्हणाल्या.

केबिनमध्ये मी स्पष्ट बोलले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे स्नायू भराभर झडतात. ज्याला पडायला नको म्हणून निजवून ठेवलं, तो पुढे खरंच उभा राहू शकत नाही. शिवाय एखादा जाळी ओलांडायला गेला, तर आणखी उंचावरून आपटतो.

"तुमचं बरोबर असन," साहेब म्हणाले. "पण उद्या पडली तर पोरगा कोणाच्या अंगावर येईन? तुमच्या का माझ्या?"

माणूस वाईट नव्हता. आधीच्या नोकरीत एक आजोबा पडले, तेव्हा नातेवाइकांनी सगळ्यांदेखत यांची कॉलर धरली होती. हे त्यांनीच मला सांगितलं, टेबलाकडे बघत.

"मग मुलालाच बोलवा," मी म्हटलं.

प्रकाशराव चिखलीत शिक्षक. रविवारी आले. आम्ही कौसल्याबाईंच्या खाटेपाशीच बसलो. माझं सगळं ऐकून त्यांनी हात जोडले.

"मॅडम, मी तिले आंगणात पडलेली पाह्यली हाये. हात लावला का वरडे. ते अजून माह्या कानातून जात नाही. तिले चालवू नका. सुखरूप राहू द्या, बस."

त्यांचे डोळे भरून आले. उत्तर कौसल्याबाईंनी दिलं.

"मी पडन म्हणून भेऊन राह्यला न तू?"

"हाव."

"मी पडूनच तर हाये, बापू."

मग प्रकाशरावांनी स्वतःच वाकून जाळीचा खटका काढला. "सुरुवातीले कोणीतरी सोबत पाहिजे," एवढंच म्हणाले. ती अट मीही घातलीच असती.

आधी खाटेवर बसून पाय सरळ करणं. मग खुर्चीवरून उठबस. मग कठडा धरून चार पावलं. कौसल्याबाई चालायला लागल्या तसे बाकीचेही जाळ्या खाली करा म्हणू लागले. ज्यांना झेपेल त्यांचं मी ऐकलं. दोघांना चक्कर यायची, त्यांना आधी डॉक्टरकडे पाठवलं.

आणि एक वर्ग घेतला, पडल्यावर उठायचं कसं याचा. आधी थांबायचं, कुठे दुखतंय ते बघायचं, फार दुखत असेल तर हलायचं नाही, हाक मारायची. नसेल तर कुशीवर वळायचं, मग गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपाशी जायचं आणि तिला धरून उठायचं. गादी टाकून मी वानखडे साहेबांनाच झोपवलं. पोट आडवं येत होतं.

"साहेब, पह्यले कुशीवर व्हा न!" कौसल्याबाई ओरडल्या. अख्खा हॉल हसला. साहेबही.

काही महिन्यांनी साहेबांचा फोन आला. "मॅडम, कौसल्याबाई पडल्या."

मी लगेच गाडी काढली.

त्या अंगणातल्या बाकावर बसल्या होत्या. वाळत घातलेलं लुगडं काढताना तोल गेला होता. मी खुबा तपासला, पाय हलवून पाहिले, डोक्याला मार नाही ना ते विचारलं. गुडघा सोलला होता, बाकी काही नाही. तेवढ्यात प्रकाशराव धापा टाकत आले. साहेब त्यांच्यापासून जरा लांबच उभे राहिले.

"कोणी उचललं तुले?"

"कोन उचलन? बाक धरून मीच उठली."

प्रकाशराव खाली बसले. आईच्या गुडघ्याकडे पाहत राहिले. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "साहेब, लुगडं वाळवाची दोरी जराशी खाली बांधता येईन का?"

दोरी त्याच संध्याकाळी खाली आली.

टीम आली तेव्हा साहेबांनी कौसल्याबाईंचं पडणं स्वतःहून सांगितलं. दोरीही दाखवली. टीमने बाथरूम पाहिलं, मग खाली बसून एका आजोबांशी गप्पा मारल्या. सर्टिफिकेट मिळालं.

तेव्हापासून कुठल्याही वृद्धाश्रमात तपासणीला गेले की मी दांडे आणि फरशी नंतर बघते. आधी खाटेखालच्या चपला उलट्या करून बघते. तळ झिजलेले असले की पुढची तपासणी बहुधा सोपी जाते.