बातम्यांचा सूर

पिंपळे सौदागरात आम्ही ज्या टपरीसमोर चाकणच्या कंपनीची बस पकडतो, तिथं एक जण रोज चहाला येतो. बरीच वर्षं त्यानं केबलच्या चॅनेलवर बातम्या वाचल्या. आता नोकरी सोडून मालिकांत काम शोधतोय. पण बातम्या त्याला सोडत नाहीत. बोलताना तो समोरच्याच्या कपाळाकडे बघतो, जणू तिथं मजकूर सरकतोय. "बिस्किटं संपली" हे तो अशा आवाजात सांगतो, की धरण फुटलं समजून निम्मं गाव सामान बांधेल.

त्याची नक्कल ही माझी खास चीज. परवा कपाळाला आठ्या घालून, दोन्ही हातांची बोटं जुळवून मी सुरू केलं, "आमचे प्रतिनिधी थेट किटलीजवळ उपस्थित आहेत." लोक इतके हसले, की बसवाला हॉर्न वाजवायचा विसरला. मग एकेकाचं हसू मावळलं. तो माझ्या मागेच उभा होता.

"गंमत हो, राव," मी म्हणालो.

"नाही, बरोबर करता तुम्ही. उद्या ऑडिशन आहे माझी. दर वेळी म्हणतात, संवाद बातमीसारखा वाटतो. नेमकं काय चुकतं, ते माझं मला दिसत नाही." त्यानं मोबाइल माझ्यावर धरला. "परत करा ना. सावकाश. हात दिसू द्या."

शिफ्टचं काहीतरी पुटपुटत मी बसमध्ये चढलो.

अख्ख्या टपरीला जे मी रोज दाखवत होतो, ते ज्याच्या कामाचं होतं त्या एकट्याला दाखवायला मला जमलं नाही.