उत्तर मिळेपर्यंत बसायचं नाही

दूध अर्धा लिटर, तीस रुपये.
मेथीची जुडी, वीस रुपये.
पोहे दोन किलो, एकशेवीस. गावाहून दहा बायका नाश्त्याला येणार होत्या म्हणून.

काल सकाळी एवढं सामान शैलाताईंच्या दारात आलं. पैसे मी दिले.
दार उघडायला शैलाताई नव्हत्या.

पहाटे छातीत दुखलं. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आदल्या संध्याकाळीच गच्चीवर आमचं भांडण झालं होतं. पोह्यात शेंगदाणे हवेतच म्हणाल्या. मी म्हटलं, दहा जणींना शेंगदाणे कशाला? काही अडतं का?
"वहिनी, म्हणूनच तर मी तुम्हाला साहेब करते," म्हणाल्या आणि हसत खाली गेल्या.

तेच शेवटचं. मला अजून खरं वाटत नाही. आज देवापुढे बसले आणि पोथीचं तेच पान परत परत वाचत राहिले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. शैलाताई सातपूरला आमच्या शेजारी, भिंतीला भिंत. गावाचा विकास आराखडा कसा करायचा, आलेला निधी कुठे लावायचा, ग्रामसभेत तो मंजूर कसा करून घ्यायचा, याचं ट्रेनिंग त्या सरपंच आणि मेंबर बायकांना द्यायच्या. रिटायर झाल्यावरसुद्धा. घरून.

म्हणायच्या, "सरकारी ट्रेनिंगमध्ये पंखा असतो, प्रोजेक्टर असतो, जेवण असतं. फक्त नाही म्हणणारा माणूस नसतो. आणि गावात गेलं की पहिला तोच भेटतो."

म्हणून आमच्या गच्चीवर खोटी ग्रामसभा भरायची. आमचं भजनी मंडळ म्हणजे गावकरी.
आणि मी पंचायत समितीचा साहेब.

मी म्हटलं, अहो ताई, माझं शिक्षण दहावी. मला काय साहेबासारखं बोलता येणार?
"भाजीवाल्याशी बोलता ना, तस्संच बोला."

जमलं. निधी नाही. बजेटमध्ये बसत नाही. पुढच्या वर्षी बघू. इतकं जमलं की एकदा एक मेंबरबाई खरंच रडायला लागली. मी घाबरून देवापुढचा पेढा आणून तिच्या हातावर ठेवला.
शैलाताई मागून ओरडल्या, "साहेब पेढे खातो वहिनी, वाटत नाही!"

बायका प्रश्न चांगले विचारायच्या. पण विचारला की लगेच खाली बसायच्या, पदर सावरून. काहीतरी चुकल्यासारखं.
बसली की साहेब पुढच्या विषयावर.

म्हणून शैलाताई प्रत्येकीच्या मागे उभ्या राहायच्या आणि बसू लागली की कोपर धरायच्या.
"उत्तर मिळेपर्यंत बसायचं नाही. नाही म्हणाला तर तसं लिहून घ्यायचं, सही घ्यायची. मग बसायचं."

काल पेठकडच्या बायका यायच्या होत्या. पहिल्या एसटीने निघालेल्या, वाटेत रेंज नाही. त्यांना कळवणार कोण?
पुढे नवीन सरपंच सोनाबाई, हातात ताईंसाठी नागलीच्या पिठाची पिशवी. दारातल्या चपलांचा ढीग बघून म्हणते,
"आमच्या आधी कोन आलं वं शिकाया?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि सांगितलं.

दुपारी ताईंना नेलं. ह्या दहा जणी खाली पार्किंगमध्ये बसून राहिल्या. परतीची गाडी संध्याकाळी होती. जरा वेळाने सोनाबाई माझ्याजवळ आली.

"वयनी, साहेब व्हा."
"अगं आज? वर त्यांचा दिवा लावलाय."
"सभा सोमवारी हाय वयनी. ताई नाय म्हनून सभा थांबनार नाय."

खरं होतं ते. त्यांच्या वरच्या पाड्याला पाणी नाही. निधी आलाय, पण काही जणांना वेशीवर सिमेंटची कमान बांधायचीय. सोमवारी आराखड्यात पाइपलाइन आली नाही तर अजून एक उन्हाळा डोक्यावर हंडे.

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. सोनाबाई समोर उभी राहिली.
"साहेब, वरच्या पाड्याला आधी पानी द्या. कमान मागून."

मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं.
निघेना.
आयुष्यभर म्हटलं. मुलांना, मिस्टरांना, भाजीवाल्याला, परवा शेंगदाण्यांना. काल तोंडातून निघेना.

सोनाबाईचे पण डोळे भरले होते. हळूच म्हणाली,
"नाय म्हना ना वयनी. तुमी नाय म्हनल्याबिगर मी पुढं काय बोलू?"

मी म्हटलं. "निधी नाही. पुढच्या वर्षी बघू."

तिचे गुडघे वाकले. मी बघितलं. तिने सवयीने मागे पाहिलं. कोपर धरायला मागे कोणी नव्हतं.

ती बसली नाही.
"निधी आलाय साहेब. कमानीला हाय तर पान्याला बी हाय. नाय म्हनताय तर तसं लिवा, आन खाली सही करा. मी हितंच उभी हाय."

यावर साहेबाने काय बोलायचं, ते मला शैलाताईंनी कधी शिकवलंच नव्हतं.

जाताना त्यांना पोहे करून डब्यात भरून दिले.
शेंगदाणे घातले, ताई.

दिवसभर उभ्याच असायचात. कधी म्हटलं बसा, तर "चहा इथेच द्या, उभ्यानेच घेते."
आता बसा. देव तुम्हाला त्याच्याजवळ जागा देवो. आम्हा सगळ्या गच्चीवरच्या गावकऱ्यांचा नमस्कार.

आणि सोनाबाई, तुमच्यातल्या कुणाच्या फोनवर हे दिसलं तर तिच्याकडून घेऊन वाच. सोमवारी सभा उठली की कळव. रेंज मिळेल तिथून फोन कर, नाहीतर नाशिकच्या एसटीत कंडक्टरकडे चिठ्ठी दे, मी स्टँडवर येऊन घेईन.
हो म्हणाले तरी कळव.
नाही म्हणाले तरी कळव, सही कोणाची घेतलीस ते लिहून.