जुना ठेवलाय ना?

मशीन बंद होऊन परत सुरू होईपर्यंत ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. "एकदा घाबरून मधेच बटण दाबलं होतं, काकू. सगळं गेलं."

आमच्या छत्रीबागेतल्या घरात वरच्या खोलीत ती भाड्याने राहायची. लातूरहून या हिंदी मुलखात आलेली, चाळिशीची, एकटी. एका हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळायची, पुष्कळदा घरूनच.

मी चौथी शिकलेली. मला एवढंच समजलं, की कॉम्प्युटरच्या आत एक गाभा असतो, ती त्याला कर्नल म्हणायची. तो अधूनमधून नवा घालावा लागतो. पण त्यावर चालणारी बाकीची अवजारं जुन्याच्या मापाची असतात.

"म्हणजे मिक्सरची मोटर नवी आणि भांडी जुनी," मी म्हटलं.

"तसंच. एकेक भांडं बसवून बघायचं. आणि जुनी मोटर फेकायची नाही."

मी जुना कुकर भंगारात दिला, तर माझ्यावरच तोंड फुगवून बसली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जिन्यात मांजर दिसलं तरी थांबायची.

"एवढी घाबरतेस, तर हे काम कशाला करतेस?"

"मग कोणी करायचं? न घाबरणाऱ्यांनी?"

यांचं हृदयाचं ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात झालं. रविवारी दुपारी मी कपडे न्यायला घरी आले, तिला चहा द्यायला वर गेले. तिने नुकताच तिथल्या मशीनला नवा गाभा घातला होता. फोन वाजला, तिने स्पीकरवर घेतला.

"मॅडम, आयसीयू की स्क्रीन काली है."

सगळ्या पेशंटचे ठोके नर्सबाईंना त्या एका पडद्यावर दिसत. यांचेही. त्या पडद्याच्या कंपनीवाल्यांनी त्यातलं एक अवजार हिला न सांगता बदललं होतं. ते नव्यावर बसेना.

मी दार धरून उभी राहिले.

"सिस्टर, हर बेड के पास एक आदमी खड़ा करो," ती म्हणाली. जुन्या गाभ्यावर मशीन सुरू केलं आणि हात मांडीखाली घेतले. ओठ पांढरे पडले होते. माझ्याकडे बघितलं नाही.

"आ गई स्क्रीन, मॅडम."

ती उठली आणि मोरीत जाऊन ओकली.

"आमचे हे तिथे आहेत, ठाऊक होतं ना तुला?"

"म्हणून तर सकाळपासून जेवले नाही."

पुढे ती पुण्याला गेली. खोली रिकामीच आहे.

आज यांना परत आयसीयूत घेतलंय. बाहेर कॉम्प्युटरपाशी तिच्या जागेवर आलेला माणूस होता. फोनवर हसत होता. मला बघून म्हणाला, "अम्मा, अपडेट चल रहा है. थोड़ा बैठो."

"भिया, पुराना रखा है ना?"

"पुराना क्या?"

मी बाकावर जाऊन बसले. हात मांडीखाली घेतले.