टर्मिनल कुणी काढलं?

आमच्या ह्यांना सगळा रस्ता मास्तर म्हणतो. शाळेत ते स्वतः फारसे टिकले नाहीत. पण गाडीच्या वायरिंगशी कुणी खेळ केलेला दिसला की असे फैलावर घ्यायचे, की नाव पडलंच मास्तर. "नवी बॅटरी टाकलीस? कुणी सांगितलं? नळाला पाणी नाही म्हणून बादली बदलतोस का रे?" गाडीवाले खाली मान घालून ऐकायचे, कारण बोलणी संपेपर्यंत गाडीही सुरू झालेली असायची.

ह्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान पुढे आणि घर मागे. मधलं दार मी कधी लावलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा अॅसिडच्या वासानं डोकं धरून बसायचे, आता तो वास नसला तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. भाजी चिरता चिरता मी ह्यांचा सगळा पाठ ऐकला. आधी पट्टा अंगठ्यानं दाबायचा, सैल आहे का बघायचं. मग बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवायची. मग इंजिनाची अर्थची वायर हलवून बघायची. चावी फिरवल्यावर लाल दिवा लागायला हवा आणि गाडी सुरू झाल्यावर विझायला हवा. मग मीटर. एवढं सगळं झाल्यावर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला हात लावायचा, त्याआधी नाही. मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

आणि एक गोष्ट कधीच करायची नाही. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायचं नाही. ह्यांच्या वस्तादांच्या काळी गाड्यांना डायनामो असायचे. तेव्हा टर्मिनल काढूनच परीक्षा घेत, गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला. अल्टरनेटर आले आणि तो प्रकार बंद झाला, कारण तसं केलं की आतले डायोड जळून जातात. एका शहाण्यानं एकदा इथेच, दुकानासमोर ते केलं, तर ह्यांनी पाना घेऊन त्याला रस्त्याच्या टोकापर्यंत पिटाळलं. परत आले ते माझ्यावरही ओरडले. मी बापडी नुसता चहा घेऊन उभी होते!

मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ल्या. आम्ही हसायचो. मग एकदा सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला अगदी अदबीनं म्हणाले, "आपण कुणाकडे आलात?" दूध उतू गेलं, पण माझ्यानं गॅससुद्धा बंद करवला नाही.

डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. लेकीनं फोनवर धोशा लावला, "आई, दुकान बंद करा." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "दुकान बंद केलं तर तुझ्या बाबांचं उरेल काय? तोंडं विसरतात, हात विसरलेले नाहीत अजून. ज्या दिवशी त्यांच्या हातून कुणाची गाडी बिघडेल ना, त्या दिवशी मी स्वतः शटर ओढीन. तोवर तू तोंड उघडायचं नाही." ती रडायला लागली. मी फोन ठेवून दिला. माझी जीभ अशीच आहे, काय करू?

तेव्हापासून मी दुकानात उभी राहू लागले. पाना देते, दिवा धरते. ह्यांना वाटायचं, ही काम शिकतेय. गंमत वाटायची त्यांना. "शीक, शीक. म्हातारपणी उजेड पाडशील," म्हणायचे. ह्यांचं कुठे चुकतंय असं वाटलं की मी विचारायचे, "अहो, आता अर्थ बघायची ना?" की हे लगेच, "बघतोच आहे, घाई नको करू." असं आमचं बरं चाललं होतं.

मग एके दिवशी नेहमीचा दूधवाला आला. त्याची जुनी पिकअप, दारं दोरीनं बांधलेली. रोज पहाटे ढकलावी लागते, दिवे मिणमिणतात, म्हणाला. ह्यांनी बोनेट उघडलं आणि मी दिवा धरला. पट्टा दाबला, ठीक. टर्मिनलं धुतली. मग गाडी सुरू करून तिचे दिवे लावायला सांगितले आणि मीटर लावला. काटा वर चढेना. अर्थची वायर राहिली होती बघायची. मला तिथूनच दिसत होती ती, गंजलेली, एका तारेवर लोंबकळणारी. मी म्हटलं, "अहो, अर्थ?"

ह्यांनी ऐकलं नाही. खिशातून पाना काढला. कुणीतरी शेजारी उभं असल्यासारखं बाजूला बघून म्हणाले, "हो वस्ताद, काढून बघतो." मला कळेपर्यंत टर्मिनल ह्यांच्या हातात होतं. पिकअपचे दिवे एकदम भगभगले आणि गेले. जळका वास आला.

 इतकी वर्षं ह्यांची बोलणी खाल्लेला दूधवाला माझ्याकडे वळला. मी हात जोडले. "दुसरा अल्टरनेटर मी बसवून देईन, पण आत्ता ह्यांना काही म्हणू नका." त्यानं गाडी बंद केली, मान हलवली आणि बाहेर जाऊन बसला. मी ह्यांना आत नेलं, चहा दिला.

चहा संपला आणि हे उठून पुन्हा गाडीपाशी गेले, जणू ती आत्ताच आली होती. अल्टरनेटर उतरवला, खोलला, उजेडात धरला. आणि माझा जुना माणूस परत आला हो! तेच डोळे, तोच आवाज.

"डायोड जळलेत. चालू गाडीवर टर्मिनल काढलंय. कुठल्या गाढवानं काढलं?"

दूधवाल्यानं मान खाली घातली. हे त्याच्याकडे वळले, तशी मी मध्ये आले.

"मी काढलं."

"तू?"

"हो. मला वाटलं, बघावं."

असे चिडले, असे चिडले! सगळा पाठ पहिल्यापासून म्हणून दाखवला. पट्टा, बुरशी, अर्थ, दिवा, मीटर. एक शब्द चुकला नाही. मी पदर तोंडात धरून ऐकत होते. ह्यांना वाटलं, बोलण्यामुळे रडतेय. मग आवाज उतरला.

"अगं, रडू नकोस. प्रत्येकाला जमतंच असं नाही. पण लोकांच्या गाड्या आहेत. आता पुन्हा गाडीला हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

ह्यांच्या हातातला पाना घेतला, पुसून जागेवर ठेवला, आणि शटर ओढलं.