साडूंच्या अंगणातली सर्व्हर रूम

आमच्या साडूंनी मला फसवलं. भावानं भावाचा बांध कोरावा तसं नव्हे. हसत हसत, चहा पाजून फसवलं. बीडच्या एका कॉलेजला आता पहिल्यापेक्षा दुप्पट मोठी सर्व्हर रूम हवी आहे, सोमवारी मला होकार द्यायचा आहे, आणि मोजमाप करणारा हा माणूस पुण्याला मुलाकडे जाऊन बसला आहे.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला इतका हट्टी माणूस मराठवाड्यात दुसरा नसेल. मी भंगाराच्या दुकानातून वर आलेला, आता साडूंना घेऊन सर्व्हर रूम उभारून देणारा. भाव पाडल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. सर्व्हरपासून, ते सगळे जिथे जोडले जातात त्या स्विचपर्यंत जाणारी वेगवान तांब्याची केबल तीन मीटरपर्यंतच नीट चालते. "सव्वातीन धरा की," मी म्हणायचो. "साडूभाऊ," ते म्हणायचे, "भाव वांग्याचा करावा. तारेला तुमची भीड न्हाई." स्विचची केबल खोचायची सगळी तोंडंही ते कधी भरू देत नसत. याच कॉलेजच्या पहिल्या कामाला प्राचार्यांनी विचारलं, रिकामी जागा कशाला? साडू म्हणाले, "सर, पंगतीत उशिरा येनारा पावना असतोच. त्याला काय उभा ठेवायचा?" प्राचार्य हसले आणि मी कबूल करून घेतलेले जास्तीचे सर्व्हर तिथल्या तिथे गळाले. बाहेर आल्यावर मी इतका ओरडलो की वॉचमन घाबरून खुर्ची घेऊन आला. साडू त्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हां, चालू द्या."

नकाशा कागदावर काढणं त्यांना पटायचंच नाही. घराचा पाया आखतात तशी लिंबागणेशला त्यांच्या घराच्या अंगणात चुन्याची फक्की टाकायची, सर्व्हर ठेवायचे रॅक म्हणून धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या उभ्या करायच्या आणि सुतळी ताणून एकेक केबल मोजायची. एक टोक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. मेहुणी ज्वारी काढायला आली की एक रॅक उघडायचा.

त्याच मापाने मी केबली आणल्या, त्याही परत न करण्याच्या अटीवर भाव पाडून. दोन्ही टोकांना जोड लागूनच त्या कारखान्यातून येतात, कापणं-वाढवणं नाही. कॉलेजात बसवायला गेलो तर कडेच्या रॅकच्या सगळ्या तोकड्या. केबल आधी रॅकमधून वर चढते, छताखालच्या जाळीवरून जाते, मग खाली उतरते. अंगणात सुतळी जमिनीवरूनच गेली होती. "जल्म खांबावर चढन्यात गेला तुमचा," मी म्हणालो, "आन् उंचीच इसरले?" साडूंनी आधी छताखालची जाळी पाहिली, मग कडेचा रॅक. मग म्हणाले, "हीर रानाच्या कोपऱ्यात पाडली म्हून पाइप पुरंना. मधी घेऊ." कोपऱ्यातला स्विचचा रॅक मधोमध आणला आणि सगळ्या केबली पुरल्या. तरी मी परतीच्या वाटेवर मांजरसुंब्यापर्यंत ओरडत होतो. तिथे त्यांनी मला भजी खाऊ घातली.

काल मी साडूंना पुण्याला फोन केला. "डोळ्याचं आपरेशन झालंय, पोरगं प्रवास करू देत न्हाई. तुमाला येतंय की सगळं." कुठून येणार? इतकी वर्षं "तुमी भाव करा, मोजमाप माझ्याकडं" म्हणत मला काही शिकूच दिलं नाही. आणि बाकीच्यांवर ओरडलं की ते काम सोडून जातात. हा एकटा माणूस जेवायला थांबायचा.

कॉलेजला मी हो म्हणणार नाही, नाही पण म्हणणार नाही. आधी साडूंनी माझ्यासमोर येऊन बसावं आणि जाब द्यावा: मला न विचारता म्हातारं व्हायला त्यांना कोणी सांगितलं होतं?